येझदीच्या टाकीतला गंज पावसाळ्याआधी काढायचा आहे, अनुभवी लोकांनी मार्ग सांगा

पडवीतली_येझदी

नमस्कार मंडळी.

वडिलांची येझदी रोडकिंग मोटारसायकल गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावच्या घरी आहे. घर समुद्राला लागूनच, आणि वर्षातला बराच काळ बंद असतं. गेल्या गणपतीत गाडी फिरवली आणि पडवीत ताडपत्रीखाली ठेवली. टाकीत साधारण अर्धं पेट्रोल होतं. आता आंब्यांसाठी आलोय. झाकण उघडलं तर नेहमीचा वास नाही, जुन्या वार्निशसारखा आंबूस वास येतो. गाडी उन्हात ओढून आत डोकावलं तर वरचा सगळा पत्रा तांबडा. बोट फिरवलं की पापुद्रे सुटतात. तळ दिसतच नाही.

गाडी चालू होते. सपाटीवर थोडा वेळ बरी चालते, चढ लागला की गुदमरते आणि बंद पडते. कार्ब्युरेटरची वाटी उघडली तर खाली तांबडा चिखल. साफ केली, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

गॅरेजवाल्याचा सल्ला असा की बाजारात मिळते ती डुप्लिकेट टाकी बसवून मोकळे व्हा. मला ते नको आहे. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्या काळची ही मूळ टाकी आहे, त्यावरच्या पट्ट्याही मूळच्या आहेत आणि बाहेरचा रंग अजून चांगला आहे. टाकी वाचवायचीच आहे, पण रंगाला धक्का न लावता.

गंज काढायला काय वापरू? घरी करण्यासारखं काम आहे का? आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा हेच होऊ नये म्हणून काय करायचं?

जुना_फिटर

येझदीवाले, टाकी वाचेल असं वाटतंय, पण आधी दोन गोष्टी तपासा.

टाकी गाडीवरून उतरवा आणि उलटी करून खालचा पत्रा बघा. कुठे रंग फुगलाय का, पेट्रोलचा ओला डाग आहे का, शिवणीच्या कडेला तांबडी रेघ आली आहे का. मग पान्याच्या लाकडी मुठीने तळावर हलके ठोके द्या. चांगला पत्रा टणक वाजतो, कुजलेला भद्द वाजतो. तळ भद्द वाजत असेल तर गंज काढल्यावर भोकं पडणार. ती गंज काढल्यामुळे पडत नाहीत, गंजानेच बुजलेली असतात. मग काम वेगळं होतं, त्याचं नंतर बोलू.

हे का झालं तेही समजून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी परत इथेच याल. अर्धी रिकामी टाकी रोज हवा आत-बाहेर करते. दुपारी तापली की हवा झाकणाच्या भोकातून बाहेर, रात्री निवली की बाहेरची दमट हवा आत. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडची हवा कशी असते ते मी सांगायला नको. ते बाष्प आतून पत्र्यावर धरतं, म्हणून वरचा भाग गंजतो. थेंब ओघळून पेट्रोलखाली जातात, कारण पाणी जड. म्हणून तळही गंजतो. मधला पट्टा त्यातल्या त्यात बरा राहतो.

त्यात आता इथेनॉल. २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता बहुतेक ठिकाणी तेच मिळतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी असेल तर ते पेट्रोलबरोबर जळून जातं. पण गाडी उभी राहिली आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून वेगळा थर होतो आणि तळाशी बसतो. तो थर पत्रा खातो, रबर फुगवतो. टू-स्ट्रोक गाडीला आणखी एक धोका आहे. त्या खालच्या थरात टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायचं इंजिनचं तेल, जवळजवळ नसतं आणि कॉकमधून, म्हणजे टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीतून, पहिला तोच थर खाली येतो. म्हणून सध्या त्या पेट्रोलवर गाडी अजिबात चालू करू नका. तेलावाचून पिस्टन जाम होईल.

हर्णै_रायडर

एवढा विचार कशाला? संडास साफ करायचं अॅसिड मिळतं ना, ते पाण्यात मिसळून ओतायचं. अर्ध्या तासात टाकी आतून पांढरी. आमच्याकडे सगळे तेच करतात, मीही दोन टाक्या तशाच केल्या. स्वस्त आणि झटपट.

शाळेतली_प्रयोगशाळा

हर्णै रायडर, अर्ध्या तासात टाकी पांढरी होते हे खरं आहे. पण मी रसायनशास्त्र शिकवते म्हणून जरा सविस्तर लिहिते, कारण हा सल्ला बरेच जण देतात.

ते हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. गंज संपला म्हणून ते थांबत नाही, पुढे चांगलं लोखंड खायला लागतं आणि हायड्रोजन वायू सोडतं. टाकीच्या शिवणीत, जिथे दोन पत्रे एकमेकांवर येतात, तिथे ते शिरतं आणि कितीही धुतलं तरी पूर्ण निघत नाही. मागे राहतात ते क्लोराइड. समुद्राच्या वाऱ्यात लोखंड लवकर गंजतं तेही क्लोराइडमुळेच. म्हणजे जो शत्रू बाहेर आहे तोच आपण हाताने टाकीत सोडतो. अशा टाकीला वरून पांढरी दिसली तरी थोड्या दिवसांत नारिंगी छटा येते, ती याचमुळे. शिवाय त्याची वाफ श्वासाला वाईट, आणि सांडलं तर रंग आणि क्रोम दोन्ही जातात. पत्रा जुना आणि पातळ असताना मी तरी ते वापरू देणार नाही.

सौम्य आम्ल घ्यावं. सायट्रिक अॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, किराणा दुकानात मिळतं. मोठी पिशवी हवी असेल तर केमिकलच्या दुकानात. ते गंजातलं लोखंड स्वतःला बांधून घेऊन पाण्यात नेतं, आणि चांगल्या पत्र्यावर त्याचा हल्ला फार हळू असतो. पांढरं व्हिनेगरही चालतं. त्यात अॅसेटिक आम्ल ४-५ टक्के असतं, म्हणून वेळ जास्त लागतो, आणि अख्खी टाकी भरायची तर बाटल्यांचा खर्च वाढतो.

चिवला_वेळा

मालवणातून. माझो प्रश्न जरा घरगुती आसा. आवशीक ह्यो धागो वाचून दाखवलंय तर ती म्हणता, "तांब्याची कळशी आमसुलान लखलखता, मग टाकी कित्या नाय?" आमच्याकडे आगळाच्यो बाटल्यो भरपूर आसत. कोकम आंबटच ना? वापरला तर चलात काय?

शाळेतली_प्रयोगशाळा

आईंचा विचार चुकीचा नाही. कोकमात हायड्रॉक्सिसायट्रिक आम्ल असतं, सायट्रिकच्याच कुळातलं. म्हणून तांब्या-पितळेवरचा काळा थर आमसुलाने निघतो.

पण आगळ टाकीत ओतू नका. आगळ टिकावं म्हणून त्यात भरपूर मीठ घातलेलं असतं. मीठ म्हणजे परत तेच क्लोराइड. कळशी आपण घासून लगेच धुतो, पुसतो, उन्हात ठेवतो, आणि तांब्याला मिठाचं तेवढं वावडं नाही. टाकीच्या शिवणी पुसता येत नाहीत. सालींमध्ये गर आणि साखरही असते, ती गाळ होऊन कॉकच्या जाळीत बसेल. आईंना सांगा, आगळ सोलकढीसाठीच ठेवा.

अष्टागर

अलिबागहून. घाटावर काही जण काकवी वापरतात. काकवी एक भाग, पाणी आठ-दहा भाग, आणि टाकी भरून ठेवून द्यायची. पत्र्याला काही होत नाही, पण आठवडे लागतात, फेस आणि वास येतो, मुंग्या येतात. येझदीवाल्यांना मुंबईला परत जायचं असेल तर ते जमणार नाही.

मी विजेच्या पद्धतीने एक राजदूतची टाकी केली आहे. पाण्यात धुण्याचा सोडा, बारा व्होल्टचा बॅटरी चार्जर, निगेटिव्ह टाकीला, पॉझिटिव्ह आत सोडलेल्या लोखंडी सळीला. सळी टाकीला कुठेही टेकता कामा नये, म्हणून ती प्लास्टिकच्या बुचातून सोडायची. सळी स्वतः झिजते आणि टाकीचा गंज सुटतो. चांगलं लोखंड अजिबात जात नाही हा मोठा फायदा.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने पाळायच्या. सोड्याऐवजी मीठ टाकायचं नाही, क्लोरिन वायू तयार होतो. आणि सळी स्टेनलेस स्टीलची घ्यायची नाही. त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं, आणि ते पाणी ओतणार कुठे? शिवाय काम उघड्यावरच, कारण हायड्रोजन निघतो.

जुना_फिटर

अष्टागर यांची पद्धत चांगली, पण येझदीच्या टाकीला अडचण आहे. टाकीच्या पोटातून फ्रेमची नळी जाते, म्हणून खाली दोन्ही बाजूंना दोन खोलगट पोटं होतात. सळीच्या समोर जो पत्रा असतो तो चांगला साफ होतो, नळीच्या पलीकडचा कोपरा तसाच राहतो. सळीची जागा बदलत राहावं लागतं. पहिल्यांदा करणाऱ्याने लिंबूसत्त्वच घ्यावं.

आता क्रम लिहितो. सायट्रिकने गंज निघतो हे सगळ्यांना माहीत असतं. काम बिघडतं ते आधीच्या धुण्यात आणि नंतरच्या सुकवण्यात, म्हणून तिथे जास्त लिहितोय.

पेट्रोल काढताना घराबाहेर, चुलीपासून लांब, आणि वाऱ्याच्या बाजूला कोणी विडी पीत नाही हे बघून. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. कॉकमधून पेट्रोल संपलं तरी टाकी रिकामी झाली असं समजू नका. कॉक एका बाजूच्या पोटात असतो, दुसऱ्या पोटात पाणी आणि गाळ तसाच राहतो. झाकणाकडून उलटी करून ओता. ते पेट्रोल गाडीत परत घालायचं नाही आणि जमिनीवरही ओतायचं नाही. आपला जांभा सच्छिद्र आहे, ओतलेलं थेट विहिरीत उतरतं. कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या, पार्ट धुवायला घेतात.

कॉक आणि झाकण काढा. कॉकच्या भोकाला जाड रबराचा तुकडा लावून वर पत्र्याची पट्टी आवळा. झाकणाला जुनं बूच किंवा प्लास्टिक चालेल, पण घट्ट नको, वायू बाहेर पडायला वाट हवी. बाहेरच्या रंगावर मेणाचा हात द्या आणि झाकणाभोवती ग्रीस लावून प्लास्टिक गुंडाळा.

पहिलं धुणं गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने. हे टाळू नका. टू-स्ट्रोकच्या टाकीत टू-टी ऑइलचा आणि सुकलेल्या पेट्रोलचा चिकट थर असतो, आम्ल त्याच्या आत जातच नाही. पाणी ओतून बोट फिरवलं तर पत्रा भिजला पाहिजे, पाण्याचे मणी होत असतील तर परत धुवा. चिकट डिंक सुटतच नसेल तर थोडं थिनर फिरवून घ्या, आणि मग पुन्हा सोडा.

पापुद्रे सुटायला आत मूठभर नट टाका आणि टाकी गोधडीत गुंडाळून सगळ्या बाजूंनी हलवा. नट मोजून टाका, मोजून काढा. सायकलची चेन चालते, तिला तार बांधून तारेचं टोक बाहेर ठेवा. समुद्रावरची वाळू मात्र कधीही टाकू नका. तिच्यात मीठ आहे आणि शिंपल्यांचा चुरा आहे. गाळाचं पाणी स्वच्छ येईपर्यंत हे चालू ठेवा. जेवढा गंज हलवून निघेल तेवढं आम्लाचं काम कमी.

मग लिंबूसत्त्व. दर लिटरला ५० ते १०० ग्रॅम, आंघोळीपेक्षा जरा जास्त कढत पाण्यात विरघळवून टाकी काठोकाठ भरा. अर्धी भरून हलवत बसू नका, वरचा पत्राच तर जास्त गंजलाय. उन्हात ठेवली तर लवकर होतं. काही तासांनी बघा. पाणी हिरवट-पिवळं व्हायला लागेल. रात्रभर पुरतं, फार तर पूर्ण दिवस. पत्रा राखाडी दिसला की ओतून टाका, उगाच आणखी ठेवू नका.

ह्यापुढचं सगळं एका दमात करायचं आहे. सामान आधी हाताशी मांडून ठेवा.

पडवीतली_येझदी

काका, ताई, मनापासून आभार. तळ ठोकून पाहिला, दोन्ही बाजू टणक वाजतात. एका शिवणीला थोडी तांबडी रेघ आहे, पण ओलावा नाही.

एक अडचण आहे. मे महिन्यात आमच्या विहिरीचं पाणी मचूळ होतं. पिण्याचं पाणी वाडीतल्या वरच्या विहिरीवरून आणतो. धुवायला मचूळ पाणी चालेल का? आणि सोड्याचं पाणी, सायट्रिकचं पाणी ओतायचं कुठे?

शाळेतली_प्रयोगशाळा

पहिली धुणी मचूळ पाण्याने केली तरी चालतील, सायट्रिकचं द्रावण आणि त्यानंतरची धुणी मात्र गोड्या पाण्याचीच. शेवटचं खळबळणं बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने करा. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळतं, आणि दोन-तीन लिटर पुरे होतं. क्षार न सोडता सुकणारं तेवढंच पाणी आहे.

सायट्रिकचं वापरलेलं पाणी बादलीत काढा आणि त्यात खायचा सोडा थोडा थोडा घालत जा. फसफसणं थांबलं की आम्ल मेलं. उरतं ते लोखंडाचं पाणी. विहिरीपासून आणि वाफ्यांपासून लांब टाका. पहिल्या धुण्याचं पाणी मात्र पेट्रोल-ऑइलचं असतं. ते खाडीत किंवा व्हाळात सोडू नका. एका पसरट घमेल्यात काही दिवस राहू द्या, तेल वर येईल, ते टिपून काढा.

पडवीतली_येझदी

ठरल्याप्रमाणे केलं. सोड्याच्या पहिल्या पाण्यातच जे काय बाहेर आलं ते बघून धक्का बसला, गाळाबरोबर पत्र्याएवढे जाड पापुद्रे होते. नट टाकून हलवल्यावर आणखी. लिंबूसत्त्वाचं पाणी काल संध्याकाळी भरलं, सकाळी बघितलं तर हिरवट झालंय. आतला बराच पत्रा राखाडी आहे, पण मागच्या बाजूला काळा थर दिसतो. बोटाला काजळीसारखा लागतो. हा गंजच आहे का? पुन्हा भरू?

शाळेतली_प्रयोगशाळा

पुन्हा भरायची गरज दिसत नाही. काळा थर म्हणजे तांबडा गंज नव्हे. तो बहुतेक मॅग्नेटाइट असतो, लोखंडाचाच काळा ऑक्साइड, आणि त्यात पत्र्यातल्या कार्बनची थोडी काजळी. हाताला लागतो तेवढा नट टाकून, स्वच्छ पाण्यात हलवून काढा. जो घट्ट बसलाय तो राहू दे, तो पेट्रोलमध्ये सुटत नाही.

आता मात्र थांबू नका. आम्लातून निघालेलं उघडं लोखंड आपल्या हवेत बघता बघता नारिंगी होतं.

जुना_फिटर

ताईंनी लिहिलंय तेच. कडक ऊन असताना काम काढा, अकरा-बाराला सुरू करा.

गोड्या पाण्याने दोनदा खळबळा. लगेच खायच्या सोड्याचं पाणी, लिटरला दोन-तीन मोठे चमचे. झाकण बंद करू नका, फसफसून बाहेर उडेल. सगळ्या कोपऱ्यांत फिरवा, नळीच्या दोन्ही बाजूंना उलटीपालटी करा. मग डिस्टिल्ड पाणी, थोडं थोडं, दोन-तीन वेळा. सोडा आत सुकू देऊ नका, त्याची पांढरी पूड पुढे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकात जाईल.

सुकवायला दोन मार्ग आहेत. केस सुकवायचा ड्रायर किंवा ब्लोअर कॉकच्या भोकातून लावा, हवा झाकणातून बाहेर पडेल. किंवा स्पिरिट फिरवा, आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळालं तर उत्तम. ते पाणी सोबत घेऊन निघतं. पण दोन्ही एकत्र नाही! स्पिरिटची वाफ आणि ड्रायरची तापलेली तार एकत्र आली की भडका. ड्रायर लावणार असाल तर आत पेट्रोलचा वास जराही राहिलेला नसावा. मनात शंका असेल तर ड्रायर बाजूला ठेवा आणि टाकी उन्हात तापलेल्या जांभ्यावर उलटी-सुलटी ठेवून सुकवा.

हात लावल्यावर टाकी गरम आणि आत कोरडी ठणठणीत असतानाच टू-टी ऑइल आणि ताजं पेट्रोल निम्मं-निम्मं करून दोन वाट्या आत ओता, पण ड्रायर लावला असेल तर तो आधी बंद करून लांब नेऊन ठेवा. सगळीकडे फिरवा, झाकणाच्या गळ्यापर्यंत. शेवटी ते ओतून काढा. आत तेलाचा हात राहिला पाहिजे.

वेंगुर्ल्याची_बुलेट

तेलाचा हात किती दिवस टिकणार? मी माझ्या बुलेटच्या टाकीला आतून इपॉक्सी लायनर, म्हणजे घट्ट होणारा लेप, लावून घेतलाय. पावसाळा, उन्हाळा, काही चिंता नाही. घर बंद असणाऱ्या माणसाने लायनरच लावावा असं माझं मत आहे.

जुना_फिटर

बुलेटवाले, तुमचा लायनर टिकला याचा अर्थ लावणाऱ्याने आधीची तयारी नीट केली होती. मी बहुतेक फसलेलेच बघितलेत. पत्र्यावर तेलाचा अंश राहिला, एखादा कोपरा ओला राहिला, की लायनर तिथे धरत नाही. पुढे तो पापुद्र्यासारखा सुटतो, आणि त्याची साल कॉकच्या तोंडावर चिकटली की गाडी मध्येच बंद. काढायचा म्हटलं तर गंज काढण्यापेक्षा अवघड. जुने लायनर इथेनॉलमध्ये मऊ पडतात तेही आहे.

माझं म्हणणं, टाकीला भोक नसेल तर लायनर नको. भोकं असतील आणि पत्रा बदलणं शक्य नसेल तर घ्या, पण २० टक्के इथेनॉलला चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेलाच.

वेंगुर्ल्याची_बुलेट

भोकं होती, हे खरं. तळाला दोन बारीक. म्हणूनच लावला. पण काका, ज्याची गाडी वर्षाचे दहा महिने बंद असते त्याला नुसत्या तेलावर सोडायला मन धजत नाही.

हर्णै_रायडर

ताई, क्लोराइडचं तुम्ही लिहिलंत ते पटलं. मी केलेल्या टाक्यांपैकी एकीच्या शिवणीजवळ नारिंगी रेघ दिसायला लागली आहे. आता तिला काय करता येईल? आणि भोक पडलंच तर वेल्डिंग करून घेऊ का?

शाळेतली_प्रयोगशाळा

शिवणीतलं क्लोराइड पूर्ण काढणं अवघड, कमी करता येतं. गोड्या पाण्यात थोडा धुण्याचा सोडा घालून टाकी भरून ठेवा, रोज पाणी बदला, काही दिवस तसं करा. शेवटी डिस्टिल्ड पाणी आणि काकांनी सांगितलं तसं सुकवणं.

जुना_फिटर

वेल्डिंगबद्दल हात जोडून सांगतो. पेट्रोलच्या टाकीला घरी, ओळखीच्या वेल्डरकडे, "जरा एक टाका मार" म्हणून आग लावू नका. वर्षानुवर्षं रिकामी टाकीसुद्धा शिवणीतून वाफ सोडते आणि टाकी फुटते, माणसं गेलेली आहेत. रेडिएटरचं डाग देणारे जुने कारागीर असतात, त्यांना हे काम माहीत असतं. ते टाकी गरम पाण्याने आणि सोड्याने वारंवार धुतात, काम चालू असताना भोकाच्या खालपर्यंत पाणी भरतात, म्हणजे वाफेला जागाच उरत नाही. अशाच माणसाकडे जा. तोपर्यंत बाहेरून इपॉक्सी पुटी लावून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते, पण तो तात्पुरता उपाय.

पडवीतली_येझदी

टाकी झाली! दुपारच्या उन्हात जांभ्यावर ठेवली तेव्हा हात लावता येत नव्हता एवढी तापली. आत सगळीकडे राखाडी, मागे थोडी काळी, तांबडं कुठेच नाही. तेल फिरवलं. बाहेरचा रंग, पट्ट्या, काही बिघडलं नाही. आईने येऊन आत डोकावून बघितलं आणि बराच वेळ टाकीवरून हात फिरवत होती.

आता बसवायच्या आधी आणखी काय करू? आणि काका, आम्ही जूनच्या पहिल्या आठवड्यात जाणार, त्यानंतर थेट गणपतीला. मधले पावसाचे महिने टाकीचं काय करायचं?

जुना_फिटर

छान झालं. बसवायच्या आधी कॉक पूर्ण खोला, त्याची जाळी आणि आतलं चार भोकांचं रबर नवीन घाला. इथेनॉलने फुगलेलं रबर रिझर्व्हला अडकतं. पेट्रोलची नळी बदला. कॉक आणि कार्ब्युरेटरच्या मध्ये पारदर्शक फिल्टर लावा, कागदाचा नको, जाळीचा. पेट्रोल स्वतःच्या वजनाने उतरतं, कागदातून ते पुरेसं उतरत नाही. पहिले काही दिवस फिल्टरवर नजर ठेवा, बारीक कण येतील, साफ करा. कार्ब्युरेटर उघडून मेन जेट आणि पायलट जेट हवेने फुंका. तार घालू नका, भोक मोठं होतं.

झाकणाचं वॉशर आणि त्याचं हवेचं भोकही बघा. वॉशर कडक झालं असेल तर पावसाचं पाणी थेट आत जातं. आणि ते भोक बुजलं असेल तर टाकीत पोकळी धरते आणि गाडी चालता चालता बंद पडते. लोक टाकीत गंज शोधत बसतात, दोष झाकणात असतो.

पावसाळ्याचं सांगतो. घरी कोणी राहत असेल आणि गाडी आठवड्याला फिरत असेल तर टाकी नेहमी वरपर्यंत भरलेली ठेवायची, म्हणजे हवेला जागा कमी. पण तुमचं घर बंद. तुम्ही टाकी पूर्ण रिकामी करा, दोन्ही पोटं, आणि कार्ब्युरेटरची वाटीही. टाकी उतरवा. टू-टी ऑइल फिरवून आतला सगळा पत्रा तेलकट करा. भोकं बंद करा. झाकणाला दोरा बांधून सिलिका जेलची पुडी आत लोंबती सोडा, दोऱ्याचं टोक बाहेर, म्हणजे परत लावताना विसरणार नाही. टाकी कापडात गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवा. चुलीवरच्या माळ्यावर सगळं कोरडं राहतं म्हणून कोणी तिथे ठेवा म्हणेल. तिथे नको, खाली विस्तव असतो.

गाडीवर ताडपत्री नको. ती खालून येणारी ओल धरून ठेवते. जुनी सुती चादर टाका आणि चाकांखाली फळी.

वेंगुर्ल्याची_बुलेट

सिलिका जेलची कल्पना चांगली आहे. पुड्या कुठल्या घेता काका? बुटांच्या खोक्यातल्या छोट्या पुरतील?

जुना_फिटर

त्या फार लहान पडतात. केमिकलच्या दुकानात रंग बदलणारे खडे सुटे मिळतात, ओल धरली की रंग पालटतो. सुती कापडाच्या पुरचुंडीत मूठभर बांधा. गणपतीत आल्यावर रंग पालटलेला असेल तर तव्यावर मंद आचेवर गरम केले की परत कामाला येतात. स्वयंपाकाचा तवा मात्र घेऊ नका, जुना वेगळा ठेवा. आणि खिडकी उघडी ठेवा.

पडवीतली_येझदी

घेतो. आज संध्याकाळी गाडी मोडकाआगरच्या चढावर नेली. वर पोचेपर्यंत एकदाही गुदमरली नाही. फिल्टरमध्ये थोडे काळे कण आलेत, उद्या साफ करून परत बघतो आणि इथे लिहितो.